स्कॅनर हातचा गेला, ट्रॅक राहिला : जपानच्या चिप-यंत्रांच्या बाजाराचा प्रकरण अभ्यास

डिसेंबर २०२४ मध्ये होक्काइडो बेटावरील न्यू चितोसे विमानतळावर एका यंत्राच्या आगमनानिमित्त औपचारिक समारंभ झाला. नेदरलँड्समधील एएसएमएल या कंपनीचे ईयूव्ही लिथोग्राफी यंत्र, म्हणजे अत्यंत लहान तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने चिपची नक्षी उमटवणारे यंत्र, जपानमध्ये व्यापारी चिप-उत्पादनासाठी प्रथमच दाखल होत होते. ते मागवणाऱ्या रॅपिडस कंपनीच्या अध्यक्षपदी तेत्सुरो हिगाशी होते, आणि टोकियो इलेक्ट्रॉन या जपानी यंत्र-कंपनीचे अनेक वर्षे नेतृत्व केलेल्या या गृहस्थाची कंपनी परदेशी यंत्राचे स्वागत करत होती, ही बाब चिप-उद्योगाशी संबंधित कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखी नव्हती. १९९० च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या लिथोग्राफी यंत्रांपैकी बहुतांश यंत्रांवर निकॉन किंवा कॅनन यांपैकी एक नाव असे. आज सर्वांत बारीक नक्षी उमटवणारे यंत्र या दोघांपैकी एकही बनवत नाही.

एवढ्यावर थांबले तर ही ऱ्हासाची नेहमीची कथा ठरेल. परंतु एएसएमएलच्या त्याच ईयूव्ही यंत्राला जोडून चालणारे, सिलिकॉनच्या चकतीवर रसायनाचा लेप देणारे आणि नंतर ती नक्षी विकसित करणारे यंत्र जगात जवळजवळ सर्वत्र टोकियो इलेक्ट्रॉनचे असते, आणि ते क्युशू बेटावरील कुमामोतो प्रांतात तयार होते. या यंत्रात वापरल्या जाणाऱ्या मास्कची, म्हणजे ज्यावर मूळ नक्षी असते त्या काचेची, त्याच तरंगलांबीच्या प्रकाशात तपासणी करणारे उपकरण योकोहामाच्या लेझरटेककडून येते, तर मास्कसाठी लागणाऱ्या कोऱ्या काचा होया आणि एजीसी या दोन जपानी कंपन्या पुरवतात. म्हणजे देश तोच होता, सरकार तेच होते, सुरुवातीचे ग्राहकही तेच होते, तरीही एक यंत्र हातचे गेले आणि त्याला खेटून बसणारी यंत्रे राहिली. असे का झाले, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

यंत्रांची जागा

वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ, आरशासारखी चकती. तिच्यावर प्रकाशसंवेदी रसायनाचा लेप दिला जातो, मास्कवरची नक्षी भिंगांमधून लहान करून तिच्यावर पाडली जाते, चकती तापवून व धुऊन ती नक्षी उघडी केली जाते आणि मग उघड्या पडलेल्या जागी कोरीवकाम, भरणा किंवा थर चढवण्याचे काम होते. तत्त्व आपल्या रांगोळीच्या छाप्याचेच आहे, फक्त येथे रांगोळीच्या जागी प्रकाश असतो आणि एका चकतीवर हा प्रकार कित्येक डझन वेळा, प्रत्येक वेळी आधीच्या थराशी नॅनोमीटरच्या हिशेबात जुळवून, करावा लागतो. प्रकाश पाडणाऱ्या यंत्राला आधी स्टेपर आणि नंतरच्या पिढीत स्कॅनर म्हणू लागले, तर लेप देणाऱ्या व विकसन करणाऱ्या यंत्राला कारखान्यात नुसते ट्रॅक म्हणतात. या लेखात हे दोन शब्द वारंवार येतील.

घरचे गिऱ्हाईक

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानी चिप-कारखान्यांतील महत्त्वाची यंत्रे बहुतांशी अमेरिकन असत. त्यांची आयात करून पैसे मिळवणाऱ्यांत १९६३ साली टीबीएस या प्रसारण कंपनीच्या भांडवलावर तोकुओ कुबो आणि तोशिओ कोदाका यांनी सुरू केलेली टोकियो इलेक्ट्रॉन ही छोटी कंपनी होती. सुरुवातीला ती अमेरिकेच्या थर्मको कंपनीच्या विसरण-भट्ट्या (तापवून सिलिकॉनमध्ये इतर मूलद्रव्ये भिनवणाऱ्या भट्ट्या) आणून विकत असे आणि उलट दिशेने मोटारींतले रेडिओ निर्यात करत असे. थोडक्यात, ती दलाली करणारी पेढी होती, आणि या गोष्टीकडे आपण पुढे परत येणार आहोत.

१९७६ मध्ये जपानच्या आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाच्या पुढाकाराने फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, एनईसी आणि तोशिबा या पाच प्रतिस्पर्ध्यांना एकत्र आणून व्हीएलएसआय (अतिदाट चिप) तंत्रज्ञान संशोधन संघ स्थापन झाला. चार वर्षांत त्यावर सुमारे ७,००० कोटी येन खर्च झाले आणि त्यातील सुमारे ३,००० कोटी सरकारी होते. कावासाकी येथे संयुक्त प्रयोगशाळा उभी राहिली आणि सरकारी इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीतून आलेले यासुओ तारुई तिचे प्रमुख झाले. एकमेकांशी झुंजणाऱ्या पाच कंपन्यांचे अभियंते एका छताखाली चिपची रचना करणार नाहीत, हे तारुईंनी ओळखले होते, म्हणून सर्वांना सारखेच लागणारे विषय निवडले गेले : सूक्ष्म नक्षी उमटवण्याचे तंत्र, सिलिकॉन स्फटिकाची गुणवत्ता आणि तत्सम. पाचही जण यंत्राचे ग्राहक होते आणि यंत्रावरून त्यांचे आपसांत भांडण नव्हते. या संघाच्या कामातून निकॉनला, म्हणजे तेव्हाच्या निप्पॉन कोगाकुला, स्टेपर बनवण्याचे काम मिळाले. १९१७ साली स्थापन झालेल्या या भिंग-कंपनीकडे अचूक जाळीरेषा आखणाऱ्या यंत्रांचा अनुभव होता, म्हणजे उत्तम भिंग आणि नेमकी सरकणारी बैठक या स्टेपरच्या दोन्ही निम्म्या गोष्टी तिच्या घरात होत्या. १९८० मध्ये तिचे एनएसआर-१०१०जी हे व्यापारी यंत्र बाजारात आले.

त्या वेळी बाजार मॅसॅच्युसेट्समधील जीसीए कंपनीचा होता. तिने १९७८ मध्ये पहिला व्यापारी स्टेपर विकला होता आणि त्याचे भिंग जर्मनीतील झाइसकडून येत असे. पुढे भिंगांच्या गुणवत्तेत अडचणी आल्या, ग्राहकांच्या तक्रारींकडे पुरेसे लक्ष गेले नाही, आणि भिंगापासून बैठकीपर्यंत सर्व काही स्वतः बनवणाऱ्या निकॉनने तिला मागे टाकले. जीसीए १९८८ मध्ये जनरल सिग्नलच्या ताब्यात गेली आणि १९९३ मध्ये बंद झाली. भिंग दुसऱ्याकडून घेणारा बुडाला आणि घरचे भिंग असलेला तरला, असा धडा त्या काळात कोणीही सहज काढला असता, आणि निकॉनने तो काढला असेल तर तिला दोष देता येणार नाही. मात्र तोच धडा वीस वर्षांनी उलटा पडला.

निकॉनचे खरे बळ तिच्या गिऱ्हाइकांत होते. १९८० च्या दशकात डीरॅम ही स्मृती-चिप जपानी कारखान्यांचा किल्ला झाली होती आणि १९८८ मध्ये जगातील चिप-विक्रीतील निम्मा वाटा जपानी कंपन्यांकडे होता. डीरॅममध्ये एकच नक्षी लाखो वेळा काढायची असते, म्हणून यंत्राचा थोडासा दोषही लगेच चांगल्या निघणाऱ्या चिपच्या संख्येत दिसतो. अशा कठोर ग्राहकाच्या कारखान्यात यंत्र-कंपनीचे अभियंते जाऊन बसत, दोष तेथल्या तेथे निस्तरत आणि पुढचे यंत्र त्या अनुभवावरून घडे. या दशकाच्या अखेरीस जगातील यंत्र-उत्पादकांच्या यादीत टोकियो इलेक्ट्रॉन अग्रस्थानी होती, निकॉन तिच्या पाठोपाठ होती आणि पहिल्या दहांत कॅनन व ॲडव्हान्टेस्टही होत्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक मोठ्या ग्राहकाची कृती वेगळी होती आणि त्याच्याकडे ती कृती जाणणारे स्वतःचे तज्ज्ञ अभियंते होते. यंत्रात जे उणे राहिले असेल ते हे अभियंते आपल्या कौशल्याने भरून काढत. त्यामुळे यंत्र उत्तम असे, पण ते जाणत्याच्या हातात उत्तम असे. स्वयंपाकात मुरलेल्या माणसाला अंदाजे मीठ सांगितले तरी चालते, नवशिक्याला चमचा मोजून द्यावा लागतो.

नवे गिऱ्हाईक

ही घरची बाजारपेठ १९९० च्या दशकात आकसत गेली. १९८६ चा अमेरिका-जपान अर्धवाहक करार, त्यानंतर १९८७ मध्ये लादलेले १०० टक्के आयात शुल्क, मालमत्तेच्या फुग्यानंतरची मंदी आणि डीरॅममध्ये सॅमसंगने घेतलेली आघाडी ही कारणे परिचित आहेत. एनईसी आणि हिताची यांनी आपापला डीरॅम व्यवसाय एकत्र करून जी कंपनी काढली ती एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या मायक्रॉनने विकत घेतली. १९८८ मध्ये निम्मा असलेला जपानचा चिप-विक्रीतील वाटा २०१९ पर्यंत सुमारे १० टक्क्यांवर आला होता.

दुसरीकडे नवे ग्राहक उभे राहिले होते. १९८७ मध्ये स्थापन झालेली तैवानची टीएसएमसी दुसऱ्यांनी आखलेल्या चिप बनवून देत असे. तिच्याकडे पन्नास प्रकारच्या ग्राहकांच्या पन्नास नक्ष्या येत, आणि यंत्राची नस ओळखणारी अभियंत्यांची जुनी पिढी तिच्याकडे नव्हती. तिला हवे होते ते पुस्तिकेप्रमाणे चालणारे, बिघडले तर भाग बदलून तासाभरात सुरू होणारे यंत्र. योगायोग असा की टीएसएमसीच्या स्थापनेत नेदरलँड्सच्या फिलिप्सची मोठी गुंतवणूक होती आणि याच फिलिप्सने एएसएम इंटरनॅशनलच्या साथीने १९८४ मध्ये एएसएमएल ही कंपनी काढली होती.

या कंपनीची पहिली वर्षे हलाखीची होती. तिला भिंगाचा कारखाना नव्हता, प्रकाशस्रोत नव्हता, आणि नेदरलँड्समध्ये डीरॅमचे बडे ग्राहकही नव्हते. भिंग झाइसकडून, लेसर सायमरकडून आणि बाकी बरेचसे भाग बाहेरून, अशा रीतीने यंत्र जोडणे तिला भाग होते. म्हणून यंत्राचे स्वतंत्र, सुट्टे होऊ शकणारे विभाग पाडणे आणि प्रत्येक विभागाची दुसऱ्याशी असलेली जुळणी कागदावर पक्की करणे हेच तिचे मुख्य कौशल्य बनले. १९९१ चे पीएएस ५५०० हे यंत्र या पद्धतीचे फळ होते. त्याचे विभाग वेगवेगळे जोडून तपासता येत आणि नव्या पिढीचे भिंग जुन्या सांगाड्यात बसवता येई. निकॉनमध्ये भिंगवाला, बैठकवाला आणि नियंत्रणवाला एकाच घरात असल्याने एकमेकांशी बोलून निभावून नेता येई आणि ते बोलणे लिहून ठेवण्याची निकड कमी भासे. माझ्या मते या प्रकरणाचा खरा कणा येथे आहे, कारण पुढे घडलेले बरेचसे या एका फरकातून उलगडते.

पाण्याची गोष्ट

निकॉन तंत्रज्ञानात मागे पडली म्हणून हरली, हा समज चुकीचा आहे, आणि ते दाखवण्यासाठी इमर्शन, म्हणजे भिंगाखाली पाणी ठेवून केलेल्या, लिथोग्राफीचा इतिहास पुरेसा आहे.

नक्षी अधिक बारीक हवी तर प्रकाशाची तरंगलांबी कमी करावी लागते. उद्योग पाऱ्याच्या दिव्याच्या ३६५ नॅनोमीटरपासून २४८ आणि मग १९३ नॅनोमीटरच्या लेसरपर्यंत पोहोचला होता आणि पुढचा टप्पा १५७ नॅनोमीटरचा मानला जात होता. त्यासाठी भिंगांना कॅल्शियम फ्लोराइडचे स्फटिक लागत आणि ते पुरेशा शुद्धतेचे मिळणे कठीण होते. २००२ मध्ये टीएसएमसीचे बर्न लिन यांनी वेगळा मार्ग आग्रहाने मांडला. भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाणी ठेवले तर पाण्याचा अपवर्तनांक १.४४ असल्यामुळे १९३ नॅनोमीटरचा प्रकाश आत सुमारे १३४ नॅनोमीटरसारखा वागतो, म्हणजे जुनाच लेसर ठेवून १५७ च्याही पुढे जाता येते. २००३ मध्ये इंटेलने १५७ चा मार्ग सोडला आणि सगळ्यांची धाव पाण्याकडे वळली.

निकॉनने हे आव्हान समर्थपणे पेलले. २००६ च्या प्रारंभी तिने विकलेले एनएसआर-एस६०९बी हे ज्याच्या भिंगाचा संख्यात्मक छिद्रांक (भिंग किती बारीक नक्षी पाडू शकते हे सांगणारा आकडा) एकाहून अधिक आहे असे उत्पादनासाठीचे पहिल्या फळीतले यंत्र होते. तरीही पुढच्या चार-पाच वर्षांत बाजार एएसएमएलकडे वळला. याचे एक कारण एएसएमएलचे ट्विनस्कॅन हे यंत्र होते. या यंत्रात वेफर ठेवण्याच्या दोन बैठका असत : एका बैठकीवर वेफरची उंची-सखलता मोजली जाई, त्याच वेळी दुसरीवर नक्षी पडत असे, आणि मग दोघींची अदलाबदल होई. २००१ मध्ये, ३०० मिलिमीटरच्या वेफरकडे होणाऱ्या संक्रमणाच्या सुमारास ही रचना आली तेव्हा तिचा उद्देश वेग हा होता. पण मध्ये पाणी आल्यावर तिचा दुसराच फायदा उघड झाला : मोजमाप कोरड्या जागी आणि छपाई ओल्या जागी करता येऊ लागली. हा लाभ आधीपासून योजून ठेवलेला नव्हता. विभाग सुटे असल्याने यंत्राने तो सहज सामावून घेतला, एवढेच म्हणता येईल. कॅननने इमर्शनचा नाद सोडून २४८ आणि ३६५ नॅनोमीटरच्या यंत्रांत आपले बस्तान ठेवले आणि ते आजही फायद्याचे आहे. निकॉन मात्र इंटेलसारख्या मोजक्या बड्या ग्राहकांवर विसंबून राहिली.

ईयूव्ही

१३.५ नॅनोमीटरच्या ईयूव्ही प्रकाशाचे मूळही जपानमध्ये सापडते, हे अनेकांना ठाऊक नसते. एनटीटी या जपानी दूरध्वनी कंपनीतील हिरोओ किनोशिता यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर आरशांच्या साहाय्याने अशा प्रकाशात प्रतिमा लहान करून पाडता येते हे दाखवले होते, आणि सुरुवातीला त्यांच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. १९९७ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने अमेरिकेत ईयूव्ही एलएलसी हा संघ उभा राहिला आणि लिव्हरमोर, सँडिया व बर्कली या प्रयोगशाळांचे ज्ञान त्याच्या हाती आले. एएसएमएलला काही अटींवर त्यात प्रवेश मिळाला, जपानी कंपन्यांना मिळाला नाही. १९८० च्या दशकातील व्यापारयुद्धाची आठवण अमेरिकेत अजून ताजी होती.

जपानने २००२ पासून स्वतःचा ईयूव्ही संघ चालवला, आणि निकॉन व कॅनन या दोघांची प्रायोगिक यंत्रे त्सुकुबातल्या सेलेते या संयुक्त संशोधन कंपनीत चालली. पण प्रकाशस्रोताची शक्ती वर्षानुवर्षे अपुरी राहिली आणि खर्च फुगत गेला. एएसएमएलने यातून वाट काढली ती ग्राहकांच्या खिशातून : २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग यांनी मिळून तिचे २३ टक्के समभाग घेतले आणि त्याशिवाय संशोधनासाठी सुमारे १३८ कोटी युरो देऊ केले. पुढच्याच वर्षी तिने सायमर ही लेसर-कंपनी विकत घेतली. सेकंदाला ५०,००० कथिलाचे थेंब सोडून त्या प्रत्येकावर लेसर मारणारा प्रकाशस्रोत या पैशावर उत्पादनायोग्य झाला. निकॉनपाशी असे तीन ग्राहक नव्हते. ज्या ग्राहकांनी तिला घडवले होते ते तोवर स्वतःच उरले नव्हते किंवा अग्रभागी नव्हते, आणि स्मार्टफोनने तिच्या कॅमेऱ्याच्या धंद्यालाही ओहोटी लावली होती. निकॉन आणि कॅनन दोघींनीही ईयूव्ही स्कॅनरचे प्रयत्न थांबवले. नोव्हेंबर २०१६ मध्ये निकॉनने सुमारे १,००० पदे कमी करण्याची घोषणा केली. पेटंटच्या वादात एएसएमएल व झाइस यांच्याकडून तिला २००४ आणि २०१९ मध्ये तडजोडीच्या रकमा मिळाल्या, दुसऱ्या वेळी १५ कोटी युरो. बाजार मात्र परत आला नाही.

जे शेजारी बसले

आता ट्रॅककडे वळू. टोकियो इलेक्ट्रॉनने १९६८ मध्ये थर्मकोबरोबर भागीदारीत स्वतः भट्ट्या बनवायला सुरुवात केली आणि पुढे तेलसंकटाच्या काळात रेडिओची निर्यात सोडून सर्व लक्ष चिप-यंत्रांवर दिले. पण दलालीच्या दिवसांची सवय तिच्या अंगात राहिली. दुसऱ्याचे यंत्र विकणाऱ्याला ते ग्राहकाच्या कारखान्यातील इतर यंत्रांबरोबर कसे चालेल याची चिंता आधी करावी लागते, कारण बिघाड झाला की पहिला फोन त्यालाच येतो. भिंग घडवणाऱ्याला आपले भिंग जगात सर्वोत्तम आहे की नाही, याची चिंता आधी असते. दोन्ही स्वभाव आपापल्या जागी योग्यच आहेत, परंतु १९९० नंतरच्या बाजाराने पहिल्याला झुकते माप दिले.

ट्रॅकचे महत्त्व वाढण्यामागे रसायनशास्त्राचा हात आहे. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये विकसित झालेले, आतल्या आत प्रक्रिया वाढवत नेणारे प्रकाशसंवेदी लेप पुढे २४८ नॅनोमीटरच्या यंत्रांबरोबर सर्वत्र आले. या लेपांची एक खोड अशी की प्रकाश पडल्यानंतर वेफर तापवायला उशीर झाला किंवा हवेत अमोनियासारख्या वायूचा अंश असला तर नक्षी बिघडते. त्यामुळे स्कॅनरमधून बाहेर पडलेला वेफर ठरावीक सेकंदांत, गाळलेल्या हवेतून, थेट तापवण्याच्या पाट्यावर जाणे आवश्यक झाले. परिणामी ट्रॅक स्कॅनरला जोडूनच बसवावा लागला, दोघांचा वेग एकमेकांशी जुळवावा लागला, आणि ट्रॅक बनवणाऱ्याला प्रत्येक स्कॅनर-कंपनीच्या यंत्राचे आणि प्रत्येक रसायन-कंपनीच्या लेपाचे तपशील माहीत असणे क्रमप्राप्त झाले. टोकियो इलेक्ट्रॉनचे ट्रॅक निकॉनशी जोडले गेले, कॅननशी जोडले गेले आणि एएसएमएलशीही जोडले गेले. घरच्या स्कॅनरचा बाजार ढासळला तेव्हा तिने केवळ जोडणीचे दुसरे टोक बदलले.

एकदा ही जोडणी बसली की ती मोडणे अवघड असते, कारण कारखान्यात स्थिरावलेली कृती बदलण्याची जोखीम कोणी घेत नाही. २००६ मध्ये क्योतोच्या डायनिप्पॉन स्क्रीन आणि अमेरिकेच्या ॲप्लाइड मटेरियल्स या दोन बलाढ्य कंपन्यांनी सोकुदो नावाची संयुक्त कंपनी काढून याच बाजारात उतरण्याचा प्रयत्न केला, तरी टोकियो इलेक्ट्रॉनचे स्थान हलले नाही. आज एकूण ट्रॅकपैकी सुमारे ९० टक्के तिचे आहेत आणि ईयूव्हीच्या रांगेत तर जवळजवळ सर्वच. खुद्द ॲप्लाइड मटेरियल्सने २०१३ मध्ये तिच्याशी विलीन होण्याचा करार जाहीर केला होता. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या स्पर्धाविषयक आक्षेपांमुळे तो एप्रिल २०१५ मध्ये सोडून द्यावा लागला.

लेझरटेकचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. जपानच्या ईयूव्ही प्रयत्नांतून स्कॅनर निघाला नाही, म्हणून तो सरकारी पैसा वाया गेला असे म्हणणे सोपे आहे. परंतु २०११ मध्ये सुरू झालेल्या ईआयडीईसी या संशोधन केंद्रात मास्कच्या कोऱ्या काचांतील दोष ईयूव्ही प्रकाशातच शोधण्याचे तंत्र लेझरटेकच्या साथीने घडवले गेले. ईयूव्ही मास्क आरशासारखा, अनेक थरांचा असतो, आणि थरांखाली दबलेला दोष दुसऱ्या प्रकाशात दिसत नाही, हे त्यामागचे भौतिक कारण. २०१७ मध्ये कंपनीने काचा तपासणारे आणि २०१९ मध्ये नक्षी कोरलेला मास्क तपासणारे यंत्र बाजारात आणले, आणि त्या यंत्रांना बराच काळ स्पर्धकच नव्हता. स्पर्धा हरलेल्या संघाने शर्यतीच्या मैदानाची मोजपट्टी विकण्याचा धंदा मिळवला, असे याचे वर्णन करता येईल. मला हा भाग संपूर्ण प्रकरणात सर्वांत दुर्लक्षित वाटतो.

वेफर कापून पातळ करणाऱ्या डिस्कोचा उल्लेख एका वाक्यात करतो : १९३७ मध्ये हिरोशिमा प्रांतातील कुरे येथे सहाणीच्या चाकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली ही कंपनी आज चिप एकावर एक रचण्याच्या युगात अपरिहार्य झाली आहे, आणि तिचेही यंत्र कोणत्याही कंपनीच्या रांगेत बसते.

घराबाहेरचा बाजार

या साऱ्याचा हिशेब आकड्यांत पाहू. सेमी या उद्योगसंघटनेच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये जगभरात चिप-यंत्रांवर सुमारे १०,६०० कोटी डॉलर खर्च झाले. त्यात चीनचा वाटा सुमारे ३,६६० कोटींचा होता, तर जपानमधील कारखान्यांनी केलेली खरेदी ८०० कोटींच्याही आत होती. याउलट जगातील यंत्रपुरवठ्यात जपानी कंपन्यांचा वाटा सुमारे ३० टक्के मानला जातो. म्हणजे जगाच्या मागणीचा जेमतेम साडेसात टक्के भाग घरी आणि पुरवठ्याचा तीस टक्के भाग घरून, अशी ही अर्थव्यवस्था आहे. १९८० च्या दशकात या दोन आकड्यांमध्ये इतकी फारकत नव्हती. राष्ट्रीय बाजारपेठ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो, कारण जपानमध्ये यंत्रे बनतात, पण त्यांचा बाजार जपानमध्ये नाही.

ही फारकत ज्याच्याकडे झुकली तो चीन होता, आणि त्यामुळे नवा पेच निर्माण झाला. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने चीनला जाणाऱ्या प्रगत चिप-यंत्रांवर निर्बंध घातले. जानेवारी २०२३ मध्ये जपान व नेदरलँड्स यांच्याशी बोलणी झाली, आणि २३ जुलै २०२३ पासून जपानने २३ प्रकारची यंत्रे निर्यात-परवान्याच्या यादीत टाकली. यादी कोणत्याही देशाचे नाव न घेता केलेली होती, मात्र तिचा रोख कोणाला कळला नाही असे नाही. पुढे जे घडले ते अपेक्षेच्या उलट होते. पुढचे निर्बंध येण्यापूर्वी जुन्या पिढीच्या चिपसाठी लागणारी, यादीत नसलेली यंत्रे चिनी कारखान्यांनी झपाट्याने विकत घेतली आणि मार्च २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात टोकियो इलेक्ट्रॉनच्या विक्रीतील ४० टक्क्यांहून अधिक भाग चीनमधून आला. एका ग्राहकावर असे विसंबणे निकॉनला इंटेलच्या बाबतीत महागात पडले होते. येथे तर ग्राहकाशी व्यवहार चालू ठेवायचा की नाही, हे तिसऱ्याच देशाच्या राजधानीत ठरू शकते.

घरची मागणी परत उभी करण्याचा प्रयत्नही याच वर्षांतला. कुमामोतोतील किकुयो येथे टीएसएमसीच्या जेएएसएम या कंपनीच्या पहिल्या कारखान्याचे उद्घाटन २४ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले आणि त्यासाठी सरकारने ४७,६०० कोटी येनपर्यंतचे अनुदान दिले. टोकियो इलेक्ट्रॉनचा ट्रॅक-कारखाना तेथून हाकेच्या अंतरावर कोशी शहरात आहे. १९७० च्या दशकात ग्राहक आणि यंत्र-कंपनी एकमेकांच्या साथीने काम करत होते, तसे काहीसे पुन्हा घडावे अशी ही आखणी आहे, फरक इतकाच की या वेळी ग्राहक तैवानचा आहे आणि स्कॅनर डच. चितोसेतील रॅपिडस हा अधिक धाडसाचा डाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये टोयोटा, सोनी, एनटीटी, एनईसी यांच्यासह आठ कंपन्यांनी मिळून घातलेले मूळ भांडवल अवघे ७३० कोटी येन होते, आणि बाकी भार प्रामुख्याने सरकारी तिजोरीवर आहे. दोन नॅनोमीटरच्या चिपचा प्रायोगिक नमुना २०२५ मध्ये तिने दाखवला, परंतु नमुना आणि विकाऊ माल यांच्यातले अंतर किती असते हे निकॉनच्या ईयूव्ही यंत्राने दाखवून दिलेले आहे.

स्कॅनरच्या मैदानात कॅननने दुसरी वाट धरली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने प्रकाश आणि भिंग यांना फाटा देऊन साचा थेट लेपावर दाबणारे नॅनोइम्प्रिंट यंत्र बाजारात आणले आणि २०२४ मध्ये त्याचे एक यंत्र टेक्सासमधील संशोधन संस्थेला दिले. साच्याचा स्पर्श आला की धूळ आणि झीज आलीच, म्हणून स्मृती-चिपच्या पलीकडे ते कितपत जाईल याबद्दल मला शंका आहे. निकॉनचा पवित्रा अधिक बोलका आहे. १९३ नॅनोमीटरच्या इमर्शन यंत्राच्या नव्या पिढीचा आराखडा मांडताना तिने ते एएसएमएलच्या यंत्रांसाठी घडलेल्या कारखान्यांत आणि मास्कच्या मांडणीत सामावून जाईल, अशा रीतीने बनवण्याचा इरादा जाहीर केला आहे.